भिंतीजवळचा मायक्रोफोन

१

आमच्या हॅवरकोमहून दर रविवारी सकाळी साडेनऊला जी उपासना देशभर रेडिओवर जायची, ती नऊ माणसं मिळून उभी करत. गाणारी सहा, पाद्री एक, पायपेटीवर मिस क्रॅडक आणि निवेदक मिस्टर पॅस्को. मी दहावी, पण मी काचेच्या आड बसायचे, म्हणून मोजण्यातली नव्हे.

गावाचं नाव घ्यायला बंदी होती. मिस्टर पॅस्को फक्त एवढंच म्हणत, "पश्चिमेकडच्या एका चर्चमधून." तेही खरं नव्हतं. चर्चचं छप्पर मार्चमधल्या हल्ल्यात जळून गेलं होतं. आम्ही त्याच्या शेजारच्या बैठ्या सभागृहात होतो, जिथं लढाईच्या आधी लग्नाची जेवणं उठायची. मागच्या भिंतीला लागून टकेट नवराबायकोचं घर होतं. आता तिथं विटांचा ढीग होता.

माझ्यापुढं आवाज कमीजास्त करायची दोन फिरती बटणं. डावं, गाणाऱ्यांच्या पुढ्यातल्या मायक्रोफोनचं. उजवं, मागच्या भिंतीजवळ उभा केलेल्या दुसऱ्या मायक्रोफोनचं. त्या लांबच्या मायक्रोफोनमध्ये सभागृहाचा घुमारा यायचा, आणि तो बेताबेतानं मिसळला की सहा माणसांची साठ वाटायची. उजव्या बटणात माझी सगळी कला होती. चोविसाव्या वर्षी मला तिचा गर्वही होता.

आणि एक हुकूम होता. शत्रूही रेडिओ ऐकतो. तेव्हा भोंगा, विमान, स्फोट, धावपळ, काहीही मायक्रोफोनमध्ये शिरलं तर ते खाली उतरवायचं. तेही असं, की आवाज उतरवला हेसुद्धा ऐकणाऱ्याला कळता कामा नये. हे मला फार छान जमायचं.

मे महिन्यातला तो चौथा रविवार. आधीच्या रविवारी मी ताप आल्याचं सांगून घरी राहिले होते. ताप नव्हता. त्या दिवशी मात्र यावंच लागलं.

दुसरं स्तोत्र सुरू झालं आणि माझ्या हेडफोनमध्ये ते आलं. तीन ठोके. मध्ये थोडी उसंत. पुन्हा तीन ठोके.

मी काचेतून पाहिलं. सहाही जणांची तोंडं उघडी होती, हातात पुस्तकं होती. कुणाचाही पाय हलत नव्हता.

माझा हात उजव्या बटणावर गेला आणि मी ते हळूहळू खाली आणलं. विचार करून नव्हे. हातच गेला.

२

उपासना संपल्यावर मी सभागृहाच्या मागच्या बाजूला गेले. भिंतीवर हात फिरवला. गरम पाण्याचा नळ होता, पण तो एप्रिलपासून बंदच होता. मायक्रोफोनची तार हलवून पाहिली. मग मिस क्रॅडकला विचारलं, "तुमच्या पेटीचा पायाखालचा पायटा वाजतो का हो?"

"माझा पायटा?" त्या म्हणाल्या. "पस्तीस वर्षं पेटी वाजवतेय मी, ओलिव्ह. लग्न लागताना नवरा बेशुद्ध पडला होता, तेव्हासुद्धा माझा पायटा वाजला नाही."

"काहीतरी ठकठक ऐकू आली मला."

"मग कान साफ कर. नाहीतर लग्न कर, मग ठकठक ऐकायला फुरसत मिळणार नाही."

मिस्टर पॅस्को हसले. खिशातून एक पाकीट काढत म्हणाले, "ठकठकीवरून आठवलं. हे बघ. मुख्य कार्यालयातून माझ्याकडं पाठवलंय. उत्तरेकडच्या कुठल्याशा खेड्यातली म्हातारी आहे. अशांना उत्तरं लिहायचं काम माझ्याच नशिबी."

निळ्या शाईतलं, थरथरत्या हाताचं पत्र होतं. बाईंनी लिहिलं होतं:

'मी अंथरुणाला खिळलेली आहे, त्यामुळे तुमची उपासना हेच माझं चर्च. तक्रार करायची नाही, पण गेल्या दोन्ही रविवारी कुणीतरी दार ठोठावत होतं आणि तुम्ही सगळे गातच राहिलात. दारात उभं राहिलेल्याला बाहेर ठेवून देवाचं नाव घेऊ नये. कृपया त्यांना आत घ्या.'

मी पत्र दोनदा वाचलं. गेल्या दोन्ही रविवारी. एका रविवारी मी नव्हते, माझ्या जागी दुसऱ्या केंद्रावरून आलेला टेड बसला होता. आणि त्याच्या आधीच्या रविवारी मी होते, पण त्या दिवशी भिंतीजवळचा मायक्रोफोन मी पार बंद केला होता. त्यातून काहीएक बाहेर गेलेलं नव्हतं. जाणं शक्यच नव्हतं.

"काय लिहू हिला?" मिस्टर पॅस्को म्हणाले.

"म्हाताऱ्या माणसांना रक्ताचे ठोके कानात ऐकू येतात," मी म्हणाले. माझा आवाज अगदी सरळ होता.

"वा! हेच लिहितो."

३

आता दोन आठवडे आधीच्या त्या रविवारचं सांगते. इतकी वर्षं मी ते एकाच माणसाला सांगितलं आहे.

शनिवारी रात्रभर बॉम्ब पडले. सकाळी मी विटा ओलांडत आले तेव्हा टकेटांचं घर बसलेलं होतं आणि सभागृहाच्या खिडक्यांना फळ्या ठोकणं चाललं होतं. बचावपथक गोदीकडं गेलं होतं. तिथं आग होती. टकेटांच्या घरात कुणी नाही, असं कुणीतरी म्हणालं. मिस्टर टकेट गोदीत क्रेन चालवायचे, ते रात्रपाळीला होते. आणि त्यांची बायको, हेस्टरबाई, बहिणीकडं गेल्या असतील, दर शनिवारी जातात, असं दुसरं कुणीतरी म्हणालं. साडेनऊ वाजायला आले होते. आम्ही आपापल्या जागी बसलो.

हेस्टर टकेट आमचं सभागृह झाडायच्या. आमच्यासाठी चहा ठेवायच्या. साखर मिळेनाशी झाली तेव्हा स्वतःच्या वाट्याची साखर कागदाच्या पुडीत बांधून आणायच्या आणि मला म्हणायच्या, "तू लहान आहेस, तुला लागते."

पहिल्या प्रार्थनेत ठोके सुरू झाले. तीन, उसंत, तीन. लोखंडानं विटेवर मारावं तसे. ते भिंतीच्या पलीकडून येत होते, आणि ते नळाचे नव्हते, उंदरांचे नव्हते, हे मला पहिल्या तीन ठोक्यांतच कळलं होतं. आज मी कुणाला काहीही सांगितलं तरी हे मला तेव्हाच कळलं होतं.

मी बटण उतरवलं. सुंदर उतरवलं. कुणाला कळलं नाही.

फोन बाहेरच्या बोळात होता. चालत्या कार्यक्रमात जागा सोडायची नाही असा नियम होता. पण चिठ्ठी लिहून काचेखालच्या फटीतून सरकवता आली असती. मी पेन्सिल उचलली. 'भिंतीतून' एवढा शब्द लिहिला. मग वाटलं, मिस्टर पॅस्को चिठ्ठी वाचतील, अडखळतील, सगळ्या देशाला तो अडखळा ऐकू जाईल, आणि मुख्य कार्यालय विचारेल, कुणाच्या हाताखाली झालं हे? त्या महिन्यात माझं नाव वरच्या जागेसाठी गेलं होतं. मी तो शब्द खोडला. उपासना संपली की लगेच सांगू, असं ठरवलं.

बटण बंद असलं तरी हेडफोनमध्ये मला लांबचा मायक्रोफोन वेगळा ऐकता यायचा. तशी कळ होती. मी ती दाबून ठेवली. का, ते सांगता येत नाही. चाळीस मिनिटं ऐकत होते. ठोके हळू होत गेले. शेवटच्या आशीर्वादाच्या वेळी एकच ठोका आला, आणि मग काही नाही.

मग सांगण्यासारखं काही उरलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. घरी गेले. बीटाचं सँडविच खाल्लं.

सोमवारी हेस्टरबाई जिन्याखाली सापडल्या. हातात चुलीची सळई होती. डॉक्टर म्हणाले, रविवारी सकाळी दहापर्यंत तरी जिवंत असाव्यात. बुधवारी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. ध्वनी विशेष स्वच्छ होता, असं त्यात लिहिलं होतं.

४

त्या चौथ्या रविवारी दुपारी मी सभागृहाच्या पायरीवर डबा घेऊन बसले होते. समोरून मिस्टर टकेट आले. त्यांचं पहिलं नाव रूबेन, पण मी कधी त्या नावानं हाक मारली नाही. उंच, खांदे पडलेले, दंडावर काळी फीत. त्यांनी टोपी काढली.

"मिस पेंगेली, जेवताय का? मग नंतर येतो."

"नाही, बसा ना, मिस्टर टकेट."

ते बसले नाहीत. टोपी हातात फिरवत उभे राहिले. "एक विचारायचं होतं. लोक म्हणतात, ती सकाळपर्यंत होती म्हणून. तुम्ही सगळे इथंच होता ना. भिंतीला लागूनच. कुणाला काही… म्हणजे दोष म्हणून विचारत नाहीये मी. गाणं चालू असतं, पेटी चालू असते, मला कळतं. पण कुणाला काही ऐकू आलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले.

"तुमच्याकडं ती यंत्रं असतात."

"यंत्रात फक्त गाणं येतं, मिस्टर टकेट."

"हं." त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं, आणि ते पाहून मला पायरीत गाडून घ्यावंसं वाटलं. "म्हणजे तिनं हाक मारलीच नसेल. झोपेतच गेली असेल. मी तेच म्हणतो बहिणीला. हेस्टरला झोप लागली की तोफ उडाली तरी जाग यायची नाही."

"हो, तसंच असेल," मी म्हणाले.

"आज दुपारच्या कार्यक्रमाला मागं बसू का मी? आवाज करणार नाही. तिला तो कार्यक्रम आवडायचा. भांडी घासताना भिंतीतून ऐकायची."

नाही म्हणायला माझ्याकडं तोंड नव्हतं.

५

दुपारी तीनला आमच्याकडून सैनिकांसाठी गाणी जायची. घरच्यांनी मागितलेली, परदेशातल्या पोरांसाठी. मिस्टर पॅस्को नावं वाचत, मिस क्रॅडक वाजवत, तेच सहा जण गात. मिस्टर टकेट मागच्या भिंतीला खुर्ची लावून बसले. मायक्रोफोन त्यांच्यापासून दोन हातांवर होता.

मी मनात म्हटलं, आता काही वाजलं तर ते त्यांना माझ्याआधी ऐकू येईल. आणि त्यांना ऐकू आलं नाही, तर ते माझ्याच डोक्यात आहे. तसं असेल तर बरंच आहे, मी डॉक्टरकडं जाईन. या विचारानं मला जरा धीर आला.

तिसऱ्या गाण्यात ठोके आले. तीन, उसंत, तीन. सकाळपेक्षा जवळून.

मिस्टर टकेट शांत बसले होते. गाणाऱ्यांकडं बघत, ओठ हलवत. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी सहज मान वळवून काचेकडं पाहिलं, आणि त्यांना माझा चेहरा दिसला.

ते उठले. भिंतीच्या कडेनं, टाचा न वाजवता माझ्या खोलीच्या दारापर्यंत आले आणि आत शिरले. हे नियमाविरुद्ध होतं. पण कार्यक्रम चालू होता, मला मोठ्यानं बोलता येत नव्हतं.

"काय ऐकताय?" ते कुजबुजले.

मी नकारार्थी मान हलवली.

भिंतीवर हेडफोनची दुसरी जोडी टांगलेली असायची. त्यांनी ती काढून कानांना लावली. गोदीतल्या माणसाचे जाड हात, पण त्यांनी ती फार जपून लावली.

ते ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्याकडं मला बघवेना, तरी मी बघत होते. आधी नुसतं गाणं ऐकतो तसा चेहरा होता. मग कपाळाला आठी पडली. मग तोंड थोडंसं उघडलं आणि तसंच राहिलं.

"हे केव्हापासून?" ते म्हणाले.

अजूनही सांगता आलं असतं. देवाशपथ, तेव्हाही सांगता आलं असतं.

"आजच," मी म्हणाले. "आजच ऐकू आलं."

त्यांचे डोळे मिटलेले होते. मध्येच ते दचकले. "कमी होतंय," ते म्हणाले. "नका, कमी करू नका! कुणीतरी आवाज कमी करतंय!"

मी खाली पाहिलं. माझे दोन्ही हात मांडीवर होते, एकमेकांत घट्ट धरलेले. आणि उजवं बटण फिरत होतं. सावकाश, न अडखळता, कुणाला कळू नये अशा बेतानं ते खाली येत होतं. मी ते बोटांत पकडलं. वर न्यायला बघितलं. ते घट्ट नव्हतं, ओढही नव्हती. पलीकडून कुणीतरी तेवढ्याच हलक्या हातानं धरावं, तसं ते माझ्या बोटांखालून पुढं गेलं आणि तळाशी थांबलं.

मी वर पाहिलं तेव्हा मिस्टर टकेट डोळे उघडून त्या बटणाकडंच बघत होते. मग त्यांनी हेडफोन काढला. रुमालानं पुसला, खिळ्याला होता तसा टांगला, आणि निघून गेले.

काळ्या बटणावर तीन पांढरे ठसे होते. मी माझी बोटं पाहिली. ती स्वच्छ होती. ठसे मी बाहीनं पुसले, तेव्हा चुन्याचा वास आला.

कार्यक्रमाची वीस मिनिटं राहिली होती. मी ती नीट पार पाडली. शेवटचं गाणं इतकं अलगद विरवलं की मिस्टर पॅस्कोंनी काचेतून अंगठा दाखवला.

६

मिस्टर टकेट बहिणीच्या घरी राहत होते, टेकडीच्या वरच्या गल्लीत. लढाईत घड्याळं दोन तास पुढं केली होती, त्यामुळं मी सहाला पोचले तेव्हा ऊन कडक होतं. बहीण संध्याकाळच्या प्रार्थनेला गेली होती. ते स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. चहा पुढ्यात होता, गार झालेला.

दार उघडंच होतं. मी आत न जाता उंबऱ्यावर उभी राहिले.

"मिस्टर टकेट, मी खोटं बोलले. आज नाही. त्या दिवशीच ऐकलं होतं मी. पहिल्या प्रार्थनेपासून. आणि आवाज उतरवला."

त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"आज तुझे हात मांडीवर होते," मग ते म्हणाले. "बटणावर दुसरा हात होता. तुला दिसला नाही?"

"नाही."

"चुन्यानं माखलेला. करंगळी वाकडी." त्यांनी स्वतःची करंगळी टेबलावर ठेवून दाखवली. "लग्नाच्या वर्षी दारात चेंगरली होती, नीट बसलीच नाही कधी. सव्वीस वर्षं ओळखतो मी तो हात. मला वाईट ऐकू द्यायची नाही ती कधी. माझी आई वारली तेव्हा तारसुद्धा दोन दिवस लपवून ठेवली होती, मला पाळी पुरी करू दिली. आजही तेच केलं. माझ्यासाठी केलं तिनं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तू कुणासाठी केलंस, पोरी?"

वाटेत मी उत्तर तयार केलं होतं. हुकूम होता. शत्रू ऐकत होता. देश होता. ते सगळं माझ्या जिभेवर होतं.

"माझ्यासाठी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. राग नव्हता. राग असता तर मला उभं राहता आलं असतं.

"किती वेळ वाजवत होती?"

"चाळीस मिनिटं."

"बस इथं," ते म्हणाले आणि समोरची खुर्ची पायानं ढकलली. "वाजवून दाखव. जसं होतं तसं."

"मिस्टर टकेट…"

"तू ऐकलंस. मीही ऐकणार. पहिल्यापासून."

मी बसले. मूठ वळली आणि टेबलावर वाजवायला लागले. तीन. उसंत. तीन. त्यांनी दोन्ही तळवे लाकडावर पसरून ठेवले होते. मला एकेक ठोका पाठ होता. कुठं जोर कमी झाला, कुठं उसंत लांबली, कुठं मध्येच एकदम पुन्हा जोर आला, सगळं. बोटांची सालं निघाली तरी ते थांब म्हणाले नाहीत, आणि थांबावं असं मलाही वाटलं नाही.

ठोके विरळ व्हायची जागा आली. तिथं मिस्टर टकेटांनी उजवा हात उचलला, बोटं वळवली, आणि टेबलावर एकदाच, हळूच, ठोका दिला.

माझा हात थांबला. त्या दिवशी तिला कुणी उत्तर दिलं नव्हतं. या जागी काय येतं, ते मला माहीत नव्हतं.

स्वयंपाकघरात काही हललं नाही. चहावरची साय तशीच होती. मग चुलीमागच्या भिंतीतून, अगदी खालून, ठोके आले. तीन.

त्यांनी पुन्हा एक दिला. डोळे भिंतीकडं होते. चेहरा, एखादा माणूस दुसऱ्या खोलीतून आलेल्या हाकेला ओ देतो, तसा होता. मी तिथं आहे हे ते विसरले होते.

पुन्हा तीन आले.

मी उठले. खुर्ची वाजू नये म्हणून ती हातांनी उचलून मागं ठेवली, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. त्यांचं काय चाललं होतं ते ऐकायचा मला हक्क नव्हता.